शब्दावर घेतलेले घर

जून उजाडला की वर्गशिक्षकाच्या हाती नवे हजेरीपत्रक येते. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आम्ही शाईने भरतो. पत्त्याच्या रकान्यात मात्र पेन्सिल वापरतो. आमच्या वर्गातली बरीच मुले भाड्याच्या खोलीत राहतात आणि दिवाळीपर्यंत पत्ता तोच राहील याची खात्री नसते.

मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीची अम्मी सत्र अर्ध्यावर असतानाच दाखला मागायला आली. म्हणाली, “खोली रिकामी करायची आहे टीचर, आठ दिवस दिलेत. पोरीला गावी सासूकडे ठेवते.” दोन वर्षांपूर्वी तिने ३० हजार रुपये डिपॉझिट रोख दिले होते. मालक आता म्हणत होते, २० हजारच मिळाले, त्यातून रंगकाम आणि वीजबिल कापून १२ हजार देतो. आम्ही विचारले, करारनामा कुठे आहे? ती म्हणाली, “कागद कसला? आपलेच लोक. शब्दावर दिले.”

नाव ऐकताच घर नाकारणारे आपल्याला भेटतात, ते दुःख वेगळेच आहे. पण इथे मालकही आपलेच होते, पहिल्या सफमध्ये नमाज पढणारे. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि त्यावर साक्षीदार घेण्याविषयी आहे. डिपॉझिट म्हणजे तरी काय? परत करायची रक्कमच ना? मग ते लिहून ठेवायला लाज कसली, आणि त्यात अविश्वास तरी कसला?

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. भाड्याची पावती मागणे हा भाडेकरूचा हक्क आहे. घर सोडावे म्हणून योग्य कारणाशिवाय पाणी किंवा वीज तोडता येत नाही. नोंदणीची फी शहरात एक हजार आणि ग्रामीण भागात पाचशे रुपये. मुद्रांक शुल्क वेगळे. हे काम आता ऑनलाइनही होते.

मशिदीच्या कमिटीतले दोन बुजुर्ग सोबत घेऊन आम्ही मालकांकडे गेलो. कलम ५५ समजावले. त्यांनी जुनी डायरी काढली, तर तीत काहीच नोंद नव्हती. ते खोटे बोलत होते असे आम्हाला वाटले नाही. तेही विसरले होते. अखेर वार्षिक परीक्षेपर्यंत राहू द्यायचे आणि २५ हजार परत करायचे, असे ठरले. मुलीची शाळा वाचली. पण पाच हजारांची सल दोन्ही घरांत राहिली. एका कागदाने ती टळली असती.

हाच कागद पुढेही उपयोगी पडतो. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून रेशन कार्ड आणि आधार जुन्याच गावचे राहते, उत्पन्नाचा दाखला रखडतो आणि सरकारी घराचा अर्ज भरायची वेळ आली की हात रिकामे असतात.

प्रधानमंत्री आवास योजनेविषयी पालकसभेत आम्ही विचारले, तेव्हा अनेक जण म्हणाले, “ते बँकेचे कर्ज आहे, व्याज लागते, आम्हाला नको.” हे अर्धेच खरे आहे. सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी शहरी योजनेचा दुसरा टप्पा आला आहे. त्याचे चार भाग आहेत: स्वतःच्या जागेवर घर बांधणे, भागीदारीतल्या प्रकल्पात घर घेणे, परवडणारी भाड्याची घरे, आणि गृहकर्जाच्या व्याजात सवलत. व्याजाचा संबंध आहे तो या चौथ्या भागाशी. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांनी तो सोडावा. बाकीचे तीन का सोडायचे? वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पहिल्या दोन भागांत मिळते ते अनुदान आहे, कर्ज नाही. गावाकडे ग्रामीण योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही अनुदानच. हप्त्याहप्त्याने थेट बँक खात्यात.

अटी मात्र नीट पाहाव्यात. कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे. घर शक्यतो घरातल्या स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावावर होते. ही अट आम्हाला फार मोलाची वाटते. स्वतःच्या जागेवर बांधायचे तर जागा आपल्या नावावर हवी. आपल्याकडे जागा दादांच्या नावावर तशीच पडून असते. वारसनोंद करून घ्यावी आणि ती करताना बहिणींचा हिस्सा विसरू नये. म्हाडाच्या सोडतीचा अर्ज ऑनलाइनच भरावा लागतो. म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही. “घर लावून देतो” म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच सलाम करावा.

अनुदानात सगळे घर उभे राहत नाही, हेही सांगितले पाहिजे. उरलेल्या रकमेसाठी सावकाराचे दार दिसते. तिथेच मोहल्ल्याने पुढे यावे. दहा घरांनी मिळून कर्जे हसना दिले, अर्थात लिहून, साक्षीदार ठेवून, तर एका कुटुंबाचे छप्पर पुरे होते.

आमची विनंती दोघांना आहे. भाड्याने राहणाऱ्यांनी या जुम्म्याला घरातले सगळे कागद एका पिशवीत गोळा करावेत आणि काय कमी आहे ते पाहावे. आणि ज्यांना अल्लाहने एखादी जादा खोली दिली आहे, त्यांनी भाडेकरूने मागण्याआधीच करारनामा करून द्यावा. त्यात तुमचेही भले आहे.

ती मुलगी आता आठवीत आहे. नव्या खोलीचा करार तिच्या अम्मी-अब्बांनी दोघांच्या नावाने नोंदवून घेतला आणि त्याची झेरॉक्स, कोणी मागितली नसताना, शाळेत आणून दिली.