दोष नेमका कोठे?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ हे वाक्य ग्रामीण महाराष्ट्रात इतके रुळले आहे की ते ऐकून आता कोणी रागावतही नाही. केदारेश्वराच्या पुरातन मंदिरामुळे अभ्यासकांना परिचित असलेले बीड जिल्ह्यातील धर्मापुरी घ्या, किंवा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या. सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीची नोंदणी ही कामे आता संगणकांच्या जाळ्याशी बांधली गेली आहेत. ते जाळे बंद पडले, तर दोष कोठे आहे हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे. खेदाची गोष्ट अशी, की खिडकीपलीकडच्या कारकुनालाही ते बहुधा ठाऊक नसते. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. शोधण्याचे साधन त्याच्या हाती कोणी दिलेलेच नाही.

वीज गेली तर वायरमन खांबाखांबाने तपासत जातो. फ्यूज उडाला, तार तुटली की रोहित्र जळले, हे गावाला लवकरच कळते. जाळ्याच्या बाबतीतही अशी तपासणी शक्य आहे, आणि तिची साधने जुनी व फुकट आहेत. अमेरिकेतील माईक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ हा छोटा कार्यक्रम लिहिला. दूरच्या यंत्राला हाक घालावयाची आणि प्रतिसाद किती वेळात येतो ते मोजावयाचे, एवढेच त्याचे काम. त्यानंतर काही वर्षांतच व्हॅन जेकबसन यांचा ‘ट्रेसरूट’ आला. तो संदेशाच्या वाटेवरील एकेक ठाणे नावानिशी दाखवितो. आधी आपल्या खोलीतील पेटी, मग तालुक्याचे केंद्र, मग मुंबई, अशा क्रमाने हाका घातल्या, की वाट कोठे खुंटली याचा अंदाज येतो. सगळी ठाणी उत्तर देत असतील आणि केवळ शासनाचे संकेतस्थळ मुके असेल, तर मात्र ‘सर्व्हर डाऊन’ हे म्हणणे खरे मानावे. (काही ठाणी सुरक्षेसाठी मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच मौनावरून निष्कर्ष काढू नये.) ऑप्टिकल फायबरच्या पेटीवर तर लाल दिवाच असतो. तो लुकलुकू लागला, की तारेतून प्रकाश पोचत नाही, एवढे शाळकरी मुलालाही सांगता येईल.

जाळे पूर्ण बंद नसून मंद असते, तेव्हा प्रश्न अधिक अवघड होतो. येथे टोबियास ओटिकर यांचे उदाहरण बोधप्रद आहे. ते १९९४ च्या सुमारास ज्या संस्थेत होते, तेथे बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची वाहिनी होती. तिच्यावर किती भार आहे हे प्रत्येकालाच जाणून घ्यावयाचे होते. ओटिकर यांनी भाराचा सतत बदलणारा आलेख काढणारा कार्यक्रम लिहिला, आणि तो आलेख सर्वांना दिसेल असा ठेवला. त्यातूनच ‘एमआरटीजी’ हे साधन जन्मास आले. मोजमाप सर्वांसमोर ठेवण्याची ही वृत्ती आपल्याकडील यंत्रणांत अभावानेच आढळते.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची तरतूद मान्य झाली. एका ठिकाणी तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालावी, अशी वलयाकार मांडणी त्यात आहे. हे स्वागतार्हच आहे. तथापि कोणते टोक जिवंत आणि कोणते मृत, हे सेवा देणाऱ्याच्या केंद्रातील पडद्यावर दिसणे पुरेसे नाही. ज्या गावाचे टोक मृत आहे, त्या गावालाही ते दिसले पाहिजे. गेल्या महिन्यात जाळे किती तास बंद होते आणि कशामुळे, याचा तक्ता पंचायतीच्या फलकावर लागावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले, आणि २००६ पासून ‘वायरशार्क’ या नावाने ओळखले जाणारे साधन जाळ्यातून जाणारा एकेक संदेश उलगडून दाखविते. निदानासाठी ते अमोल आहे. पण पोस्टमनने पत्रे मोजणे वेगळे आणि फोडून वाचणे वेगळे. मजकूर सांकेतिक रूपात असला तरी कोण कोणाशी बोलतो हे पुष्कळदा कळतेच. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले आहे. म्हणून असे साधन जाणत्या व जबाबदार व्यक्तीच्याच हाती, लेखी परवानगीने असावे.

पिंग आणि ट्रेसरूटला ही अडचण नाही, आणि ती साधने कार्यालयातील जुन्या संगणकावरही चालतात. ती शिकविण्यास एक दुपार पुरेल. अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थीही हे काम आनंदाने करतील. तक्रारवहीत नुसते ‘नेट बंद’ न लिहिता, ‘सकाळी ११ वाजता पंचायतीची पेटी उत्तर देते, तालुक्याचे केंद्र देत नाही’ असे लिहिले गेले, तर ‘आमच्याकडे सर्व ठीक आहे’ असा शेरा मारून ती तक्रार परत पाठविणे वरच्या कार्यालयाला जड जाईल.