नोंदवहीत नसलेले मोहोळ

बांबूचे फूल गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या जंगलाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसालाही एकदाच दिसते, फार तर दोनदा. मानवेल हा इथला बांबू कित्येक दशकांनी फुलतो; कधीकधी टापूच्या टापू एकदम फुलतो, बी टाकतो आणि वाळून जातो. फूल म्हणून मिरवावे असे त्यात काहीच नसते. पाकळी नाही, वास नाही, मकरंद नाही. नुसते लोंबते परागकोश आणि पिसासारखी कुक्षी. परागकण हलके, कोरडे आणि बेसुमार, कारण वाऱ्यावर सोडलेल्यांतले बहुतेक वाया जाणार हे ठरलेलेच.

साग, चारोळी, हिरडा यांची रीत उलटी. फुले लहान असली तरी त्यांत माशीसाठी काहीतरी ठेवलेले असते. त्यांचे परागकण चिकट आणि मोजके असतात, कारण ते पोचवणारा ठरलेला असतो. मोह तर वटवाघळांसाठी रात्री फुलतो.

हा भेद 1793 साली जर्मनीत श्प्रेंगेल नावाच्या मुख्याध्यापकाने नीट मांडला: वाऱ्याच्या फुलात मध का नसतो आणि पराग इतका का असतो. त्याच्या हयातीत कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्याच्या कामाचे चीज पुढे डार्विनने केले.

वाऱ्याला पत्ता ठाऊक नसतो. एकाच जातीची गर्दी असेल तिथेच त्याचे काम भागते. बांबूचे रान किंवा गवताचे माळ ही त्याची जागा. मिश्र जंगलात एक मोह इथे, तर दुसरा हाकेच्या अंतरावर, मधे पन्नास परकी झाडे. म्हणून अशा जंगलात बहुतेक झाडे उडणाऱ्या जिवांवर अवलंबून असतात. जगातल्या फुलझाडांपैकी वाऱ्यावर विसंबणारी साधारण दहात एक.

आता याच जंगलाचा सरकारी हिशेब पाहा. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्यातला चांदा जिल्हा, ज्यात हे जंगल होते, इंग्रजांकडे गेला. 1878 च्या वन कायद्याने जंगलाला मालक ठरवून दिला. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती झाली. 1945 मध्ये बल्लारपूरची गिरणी स्थापन झाली, आणि इथला बांबू कागदासाठी जाऊ लागला. तेंदूपत्ता सत्तर पानांच्या पुडक्यांत मोजला गेला. लाकूड, बांबू, पान: तिन्ही मालांची गंमत अशी की त्यांच्या तोडणीला फूल लागतच नाही. साग फळला की नाही, हे ओंडका विचारत नाही. बांबू फुलण्याआधीच तोडायचा असतो. तेंदूची तर खुटकटाई करतात. कोवळे धुमारे हवेत, फुलणारे झाड नको. सव्वाशे वर्षे ज्याची नोंद झाली, त्यात माशीला जागाच नव्हती. हे कोणाचे कारस्थान नव्हे. जे विकले जाते तेवढेच मोजण्याची ती सवय होती.

इथल्या माडिया आदिवासींच्या घरात मात्र जंगल येते ते मोहफूल, चारोळी, हिरडा, तेंदूचे फळ आणि मध होऊन. मोहाचे फूल वेचायला पराग लागत नाही, हे खरे. पण तेल देणारी मोहाची बी आणि पुढच्या पिढीचा मोह लागतोच. म्हणजे लोकांचे जंगल माशी आणि वटवाघळांच्या कष्टावर उभे आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि मध एकाच व्याख्येत गौण वनोपज म्हणून आणले. 27 एप्रिल 2011 रोजी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला बांबू वाहतुकीचे पासबुक मिळाले. माशी न मारता मध काढण्याची रीतही त्याच गावाने जोपासली. गाजावाजा पासबुकाचा झाला. माझ्या मते दुसरी गोष्टही तितकीच मोठी होती.

दोष एकट्या वनखात्याचा नाही. मोह वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला आपणच पेटवतो, आणि ती आग झाडाखाली थांबत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या ग्रामसभांनी येत्या हंगामात तेंदूचा लिलाव ठरवताना आग्या माशीची मोहोळे असलेली झाडे मोजून ठरावात लिहावीत, आणि त्या झाडांपर्यंत आग जाऊ देऊ नये.