खडकातला हेकरू

उमरग्याच्या आसपासच्या तलावांत रोहू-कटल्याचं बोटुकलं सोडता येतं. मालवणच्या खडकांत किंवा गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात राहणाऱ्या हेकरू माशाचं बीज असं पोत्यानं कोण सोडणार? म्हणून सुट्टीत तिकडे गळ टाकायला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी मोठा हेकरू सोडून द्यावा, असं मला ठामपणे वाटतं. हेकरू आधी मादी असतो, वाढला की त्याचा नर होतो. फोटोसाठी थोराड मासेच काढत गेलो तर नरच संपतात. कुणी म्हणेल, ट्रॉलर टनांनी मासळी ओढतात, आमच्या दोन माशांनी काय होणार? पण खडकात जाळं फाटतं, म्हणून ट्रॉलर तिथं जाणं टाळतो. त्या कपारीत पोचतो तो आपलाच गळ. आणि नुसतं सोडूनही भागत नाही. वीस मीटरवरून वर येताना माशाच्या वाताशयातली हवा तिपटीनं फुगते, डोळे बटबटीत होतात, जठर तोंडातून बाहेर येतं, आणि सोडलेला मासा पोट वर करून तरंगत राहतो. त्याला वजन लावलेल्या दोरीनं परत तळाशी पोचवावं लागतं. दोरी आणि शिसं तर प्रत्येक होडीत असतंच.