‘रिक्षा’ या शब्दातून गळालेला माणूस

पुण्यामुंबईचा पाहुणा नागपूरच्या रेल्वे स्थानकाबाहेर येऊन ‘रिक्षा’ मागे, तेव्हा त्याच्यापुढे सायकल-रिक्षा येऊन उभी राही. त्याला हवी असलेली तीनचाकी मोटार या शहरात ‘ऑटो’ आहे. विदर्भाच्या बोलीत रिक्षा म्हणजे माणसाने पायडल मारून ओढायची गाडी. भेद किरकोळ वाटतो. पण शब्दाच्या मुळाशी गेल्यास नागपूरकरांचाच अर्थ अधिक शुद्ध ठरतो.

मूळ शब्द जपानी आहे : जिनरिकिशा. ‘जिन’ म्हणजे माणूस, ‘रिकी’ म्हणजे बळ, ‘शा’ म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. परकीयांच्या तोंडी हा शब्द झिजला, त्याचे पहिले अक्षर गळाले आणि उरलेले रूप भारतभर रुळले. बळ राहिले, गाडी राहिली. गेला तो माणूस.

रिक्षेचे इतिहासलेखनही बहुतांशी असेच झाले आहे. वाहनाचा शोध कोणी लावला, ते कोणत्या शहरात कोणत्या साली पोहोचले, याची चर्चा भरपूर. ओढणाऱ्याला दिवसाअखेर काय उरत होते आणि ती गाडी कोणाच्या मालकीची होती, याची चर्चा तोकडी. खरा इतिहास या दुसऱ्या प्रश्नात आहे, असे या धाग्याचे म्हणणे आहे.

आरंभ जपानपासून करावा लागेल. एदो काळात तेथे सामान्य प्रवासी ‘कागो’तून जात असे. एका आडव्या दांड्याला टांगलेली ही बांबूची डोली दोन माणसे खांद्यावर वाहत. उच्चपदस्थांची डोली वेगळी, लाकडी आणि नक्षीदार. कोणी कशात बसावे हे दर्जानुसार ठरलेले असे. चाकांच्या गाडीतून माणसांनी प्रवास करण्यावर कडक मर्यादा होत्या. बैल जुंपलेली गाडी हा क्योतोच्या दरबारी सरदारांचा मान. १८६८ च्या सत्तांतरानंतर ही जुनी बंधने सैल झाली आणि १८७० मध्ये इझुमी योसुके व त्याच्या दोन साथीदारांना टोकियोत माणसाने ओढायची गाडी चालवण्याचा परवाना मिळाला. दोनच वर्षांत त्या शहरात सुमारे ४०,००० रिक्षा झाल्या, असे सांगितले जाते.

शोधाचे श्रेय कोणाचे, यावर वाद आहे. काही जण ते जपानमधल्या एका अमेरिकन मिशनऱ्याला देतात. हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. पहिली रिक्षा ओढणाऱ्या माणसाचे नाव शोधण्यासाठी मात्र एवढी शाई कोणी खर्च केलेली नाही.

त्या काळच्या जपानला रिक्षा ही प्रगती वाटली, आणि ते समजण्यासारखे आहे. जेथे दोन खांदे लागत तेथे आता एक माणूस पुरे, आणि वेगही अधिक. नव्या राजवटीला चिंता होती ती ओढणाऱ्याच्या दिसण्याची. उघड्या अंगाने काम करणारे मजूर पाहून पाश्चात्त्य पाहुणे काय म्हणतील, या धास्तीने टोकियोत अंग झाकण्याचे हुकूम निघाले. अंगावर कपडा आला, पण गाडीचे रोजचे भाडे तसेच राहिले.

१८७४ मध्ये रिक्षा शांघायला पोहोचली. चिनी लोकांनी तिला ‘तोंगयांग छे’, म्हणजे जपानी गाडी, असे नाव दिले. पुढे बीजिंगच्या गल्ल्यांत तिचा एवढा प्रसार झाला, की लाओ श यांनी १९३० च्या दशकात आपल्या गाजलेल्या कादंबरीचा नायक रिक्षा ओढणाराच केला. त्याचे स्वप्न एकच : स्वतःच्या मालकीची गाडी. इतरांप्रमाणे त्यालाही अड्ड्याच्या मालकाला रोजचे भाडे आधी चुकते करावे लागे, पोटाचे नंतर. कोरियन लेखक ह्यन जिन-गन यांच्या १९२४ च्या एका कथेतही सोलचा रिक्षा ओढणारा आहे; कमाईच्या दृष्टीने भाग्याच्या दिवशी तो घरी परततो आणि आजारी बायको मेलेली आढळते. बीजिंगमध्ये ट्राम आल्यानंतर, ऑक्टोबर १९२९ मध्ये हजारो रिक्षावाल्यांनी ट्रामगाड्यांची मोडतोड केली. या दंग्याला ‘यंत्राचा अडाणी द्वेष’ म्हणून हिणवणे सोपे आहे. पण दुपारपर्यंत भाड्याएवढेही पैसे न जमलेल्या माणसाला ट्राम कशी दिसली असेल, हेही पाहिले पाहिजे.

भारतात रिक्षा प्रथम सिमल्यास, १८८० च्या सुमारास आली. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यातील चिनी रहिवाशांनी ती मालवाहतुकीसाठी वापरली आणि मग तिच्यात प्रवासी बसू लागले. पुढे तिला सायकलची जोड मिळाली आणि ती मध्य भारतातील सपाट शहरांकडे सरकली.

नागपूरसारख्या शहराला तिची गरज होतीच. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, इतवारी-महालचे बाजार गजबजले. स्थानकापासून घरापर्यंतचा मधला टप्पा टांग्याने, दमणीने किंवा पायी कापावा लागे. त्याआधी भोसल्यांच्या राजधानीत मातब्बरांचे मेणे-पालख्या भोयांच्या खांद्यावर चालत. शहरातले भोईपुरा हे नाव त्या समाजाची आठवण अजून बाळगून आहे. म्हणजे जपानात कागोकडून रिक्षेकडे जे स्थित्यंतर झाले, तसेच येथे भोयांच्या खांद्याकडून सायकलच्या पायडलकडे झाले. फरक इतकाच, की मधले चाक परदेशातून आले.

ओढणाऱ्यांत छत्तीसगढी मजूर मोठ्या संख्येने होते. १९५६ पर्यंत छत्तीसगढ आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी. दुष्काळ पडला की पावले आपोआप इकडे वळत. रिक्षा बहुधा किरायाची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हाही किराया चुकत नाही. सपाट रस्त्यावर पायडल चाले, पण पुलाचा चढ आला की रिक्षावाला खाली उतरून दोन्ही हातांनी गाडी ओढू लागे. तेवढ्या पन्नास पावलांत सायकल-रिक्षेची पुन्हा जिनरिकिशा होई. गिऱ्हाईक त्याला हाक मारी, ‘ए रिक्षा!’ गाडीलाच हाक. माणसाने ‘ओ’ द्यायची.

नागपूर आणि जपान म्हटले की आज कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. ते १९९९ चे. त्याआधी दशकानुदशके जपानी वस्तूची एक सुधारलेली आवृत्ती या शहराच्या रस्त्यांवर रोज धावत होती, हे कोणाच्या ध्यानातही नसते.

माणसाने माणसाला ओढणे अमानुष आहे, यात शंका नाही. परंतु या एका वाक्यावर समाधान मानणाऱ्यांना १९८० चा एक निकाल वाचायला हवा. पंजाबने कायदा केला, की सायकल-रिक्षेचा परवाना चालवणाऱ्या मालकालाच मिळेल. हेतू चांगला, पण किरायाने गाडी चालवणारे अमृतसरचे हजारो गरीब त्यामुळे रस्त्यावर आले असते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा मोडीत न काढता, चालकांना बँकेचे कर्ज मिळून ते स्वतः मालक होतील अशी योजना घडवली. लाओ श यांच्या नायकाला जे मिळूनही टिकवता आले नाही, ते न्यायालयाने कागदावर तरी शक्य करून दाखवले.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा या जुन्या निकालाचा आधार घेतला. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई. अमरावतीत जन्मलेले आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले. आदेश स्वागतार्ह आहे, आणि पैसा नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही, हेही त्यात बजावले आहे. मात्र ई-रिक्षा द्यायच्या त्या गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर, भाडेतत्त्वावर. ४५ वर्षांपूर्वी मालकीची जी पायरी गाठली होती, तिच्याहून ही एक पायरी खालची आहे. ओढण्याचा जाच संपेल, पण किराया उरेल.

नागपुरात तर कोणी आदेशही दिला नाही. ऑटो वाढले, मग ई-रिक्षा आल्या, २०१९ मध्ये मेट्रो धावली आणि सायकल-रिक्षा हळूहळू दिसेनाशी झाली. ई-रिक्षेला लाखाहून अधिक रुपये लागतात, वाहनपरवाना लागतो. साठीतल्या रिक्षावाल्याजवळ यांतले काय असणार? सीताबर्डीच्या आसपास किंवा इतवारीच्या बोळांत क्वचित एखादा अजून पोती वाहताना दिसतो. इतिहासाची आवड असलेल्या नागपूरच्या तरुणांनी त्याचे नुसते छायाचित्र काढून थांबू नये. गाव कोणते, गाडी कोणाची, किराया किती होता, तो चुकला तर काय होई, हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्याच्या नावासह, त्याची हरकत नसल्यास, लिहून ठेवावीत.