एकाच द्राक्षाच्या दोन बाटल्या

२०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली आणि महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. संस्कृती, महसूल, शेतकऱ्याचं हित, सगळ्यावर तावातावाने बोललं गेलं. बाटलीतल्या चवीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मला ते लागलं. देशातली सर्वांत जास्त वाइन आपल्या राज्यात तयार होते, आणि देवगडचा हापूस सरस की रत्नागिरीचा यावर तासभर भांडणारे आपण वाइनच्या दुकानात नुसती किंमत बघून बाटली उचलतो. महाग ती चांगली असणार, एवढ्यावर आपली पारख संपते.

पारख वाढवायला महागडी बाटली लागत नाही. पाचशे ते हजार रुपयांच्या दरम्यानच्या दोन बाटल्या आणि तीन-चार मित्र पुरतात. अट एकच, द्राक्ष एक हवं. नाशिकची शिराझ आणि सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची शिराझ, किंवा नाशिकच्याच दोन वायनरींची शेनिन ब्लां. पांढरीशेजारी लाल ठेवली तर फरक कुणालाही कळतो, त्यातून शिकायला काही मिळत नाही. द्राक्ष तेच असलं की जमीन, हवा, तोडणीची वेळ आणि करणाऱ्याचा हात यांतला फरक जिभेवर येतो. एकटी वाइन प्यायली की ‘बरी आहे’ यापलीकडे बोलणं जात नाही. दोन पेले शेजारी आले की तीच माणसं ‘ही जास्त आंबट’, ‘ही घशाशी तुरट लागते’ असं अचूक बोलू लागतात.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर आकडे टाका. हे नाटक वाटेल, पण डोळे जिभेला किती सहज फसवतात हे फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या संशोधकांनी २००१मध्ये दाखवून दिलं आहे. त्यांनी वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, फक्त तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्यांची ही गत, तर लेबल समोर असताना आपलं काय होणार?

मला सर्वांत आवडते ती तीन पेल्यांची परीक्षा. एकाने स्वयंपाकघरात जाऊन तीन सारख्या पेल्यांत ओतायचं, दोहोंत एक वाइन आणि तिसऱ्यात दुसरी. पेल्यांखाली चिठ्ठ्या. बाहेरच्यांनी फक्त वेगळा पेला ओळखायचा. ऐकायला पोरखेळ, पण पहिला घोट घेतल्यावर खोलीत जी शांतता पसरते ती बघण्यासारखी असते. आमच्याकडे एकदा कॅबर्ने सोव्हिन्यॉंची अशी परीक्षा लावली होती. सणासुदीलाच घोटभर घेणाऱ्या आमच्या वहिनींनी तिन्ही पेले नुसते हुंगले आणि मधल्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, “याला चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतोय.” चिठ्ठी निघाली, बरोबर होतं. ढोबळी मिरचीत आणि कॅबर्नेत त्या वासाचं द्रव्य एकच असतं, द्राक्ष जरा कच्चं तोडलं की ते जास्त जाणवतं. रोज भाजी चिरणाऱ्या नाकाला हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

उलटही घडतं. काही शिराझना काळ्या मिरीचा वास असतो. तो देणारं रोटंडोन हे द्रव्य खुद्द मिरीतही आहे. पण साधारण पाचातल्या एका माणसाला ते हुंगताच येत नाही. म्हणून टेबलावर एकाला मिरी लागली आणि दुसऱ्याला नाही, तर दोघंही खरं बोलत असतात. कुणी कुणाचं तोंड बंद करू नये.

आता तापमान. स्वस्त वाइन वाईट लागते याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण ती गरम प्यायली जाते, असं माझं ठाम मत आहे. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. आपल्या बत्तीस अंशांच्या दिवाणखान्यात तिच्यातून फळाआधी अल्कोहोलची वाफ नाकात जाते. लाल बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, फार गार असली की सुगंध मिटून जातो. तुलनेच्या दोन्ही बाटल्या सारख्याच थंड हव्यात, नाहीतर तुलना तापमानाची होते. दुकानातही दाराजवळ उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, आणि स्वस्त पांढरी घेताना लेबलवरचं ताजं वर्ष शोधा.

ताजेपणात नाशिक नशीबवान आहे. आपल्याकडे वेलीला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. माल जानेवारी ते मार्चमध्ये तोडला जातो. युरोपात वेलींना तेव्हा पानही नसतं, म्हणजे त्या वर्षाची वाइन आपल्याकडे आधी येते. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा. खायच्या थॉमसनची सवय असलेल्या जिभेला तो नवलाचा वाटतो. लाल वाइनचा रंग आणि बराचसा तुरटपणा त्या सालीतून येतो. तोडणीच्या दिवसांत एखाद्या वायनरीत गेलात तर परवानगी घेऊन एक मणी चावून बघा, साल आणि बी सावकाश चघळा.

चाखून झालं की जेवणासोबत पुन्हा एक फेरी घ्या, निकाल बदलतो. तुरट लाल वाइन तिखट रश्श्यावर आणखी झोंबते. किंचित गोडसर शेनिन ब्लां त्याच रश्श्याबरोबर छान जुळते. कोळंबीच्या तिखल्यावर तर ती मला कुठल्याही महागड्या लालपेक्षा उजवी वाटते. एका बैठकीत बाटल्या संपवायची घाई नको. पेल्यात पन्नास मिलिलीटर पुरे. उरलेल्या बाटल्यांना बूच किंवा झाकण घट्ट लावून लालसकट सगळ्या फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस त्या टिकतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोन पेल्यांत कोणती आधी फिकी पडली हेही चाखून बघता येतं.