घरकुलाची राखण : शाकारणी आणि विमा

मृग निघण्यापूर्वी घर शाकारून घ्यावयाचे, ही आपल्याकडची फार जुनी रीत. वैशाखाच्या उन्हात गडी छपरावर चढत, फुटलेली कौले काढून नवी बसवीत, कुजलेल्या रिपा बदलीत, पन्हळीतला पाचोळा उपशीत. आणि अंगणात उभे असलेले घरातले वडीलधारे माणूस 'त्या कोपऱ्यात गेल्या साली गळत होते' याची आठवण खालून देत असे. या कामास दोन-तीन दिवस लागत, थोडा खर्चही येई. पण त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नसे. पुढे आपण स्लॅबच्या घरात राहावयास गेलो आणि ही सवय सुटली. घर पक्के झाले, आता काळजी मिटली, असे आपण धरून चालू लागलो.

माझे एक स्नेही सांगलीस राहतात. आयुष्यभर शिक्षकी करून आणि वर कर्ज काढून त्यांनी नदीपासून फार दूर नसलेल्या एका वस्तीत लहानसे, टुमदार घर बांधले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेस महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गुरुजींच्या घरात ते छातीइतके चढले आणि कित्येक दिवस उतरले नाही. ओसरल्यावर घरातला चिखल उपसताना त्यांना एकच धीर होता. कर्ज घेतेवेळी 'विमा' उतरवून झाला होता आणि त्याचा हप्ताही कर्जाच्या रकमेत मिळवला होता. वाळवलेले कागद जपून उलगडून पाहिले, तेव्हा कळले की तो विमा घराचा नव्हताच. तो गुरुजींच्या आयुष्याचा होता. ते वारले असते तर उरलेले कर्ज फिटले असते. घर मात्र पुरते वाहून गेले असते तरी एक पैसा मिळाला नसता. गुरुजी मला म्हणाले, "म्हणजे मी जिवंत राहिलो, हीच चूक झाली."

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी कर्ज काढून घर घेतले आहे, त्यांनी आज रात्रीची जेवणे आटोपल्यावर कर्जाच्या कागदांची पिशवी अवश्य काढावी. 'विमा' हा शब्द पाहून समाधान मानू नये. विमा कशाचा आहे, कर्जदाराच्या जिवाचा की इमारतीचा, एवढे आधी वाचावे. दोन्ही उपयोगाचे आहेत, परंतु एक दुसऱ्याचे काम करीत नाही.

विम्याकडे वळण्याआधी थोडे भिंतीकडे वळले पाहिजे. विमा कंपनी विटांचे आणि सिमेंटचे पैसे देईल. भिंतीखाली सापडलेले माणूस तिला परत देता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, सारे साखरझोपेत असताना, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. तोवर हा मुलूख भूकंपाचे भय सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यात गणला जात होता. माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे पाहता ती घरांनी मारली. दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड अशा दगडमातीच्या भिंती, आणि माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात अशी घरे गार राहत, म्हणून ती लोकांना प्रिय होती. त्यात गैर काही नव्हते. परंतु भिंतीचे बाहेरचे तोंड निराळे, आतले निराळे आणि मधे दगडगोटे व माती भरलेली, अशी ही रचना असे. जमीन हलताच दोन्ही तोंडे एकमेकांपासून सुटली आणि वरची टनावारी माती खाली आली. कित्येक ठिकाणी लाकडी खांब व तुळया उभ्याच राहिल्या आणि भोवतालच्या भिंती तेवढ्या ढासळल्या.

यावरचा उपाय महाग नाही, ही गोष्ट मनास अधिक लागते. भिंत रचताना ठराविक अंतरावर एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार जाणारा लांब दगड घालावा. दारे-खिडक्यांच्या माथ्यावर साऱ्या घराभोवती सळ्या घातलेल्या काँक्रीटचा एक सलग पट्टा फिरवावा. माळवदावरची जादा माती उतरवून टाकावी. हा पट्टा कंबरेला बांधलेल्या करगोट्यासारखा चारी भिंती एकत्र धरतो. जुन्या घरातही जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने भिंती बांधून घेता येतात. गावाकडे वडिलोपार्जित वाडा असून आपण स्वतः शहरात राहत असाल, तर त्या वाड्यात आज कोण झोपते याचा विचार करून हे काम हाती घ्यावे.

हे सदर वाचणारे कोणी बडोद्यास आहेत, कोणी इंदूर-ग्वाल्हेरीस, कोणी हैदराबादेत, कोणी चेन्नईस. प्रत्येकाच्या घराचा शत्रू निराळा. कच्छात २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने भूज शहर कोसळले, तेव्हा त्याच मुलखातले मातीचे, वाटोळ्या आकाराचे 'भुंगे' पुष्कळसे तग धरून राहिले. गोल भिंतीला कोपरा नसतो आणि छप्पर हलके असते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नदीकाठी न राहणाऱ्यांच्याही घरात पाणी शिरले. चेन्नईकरांनी डिसेंबर २०१५ मध्ये आणि केरळवासीयांनी ऑगस्ट २०१८ मध्ये तोच अनुभव घेतला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात घरांचे पत्रे उडवले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. आपल्या जिल्ह्यास कोणता धोका किती आहे, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. केंद्र शासनाच्या गृहनिर्माण खात्याखालील बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने भारताचा आपत्तिप्रवणतेचा नकाशासंग्रह प्रथम १९९७ मध्ये आणि नव्या रूपात २०१९ मध्ये प्रसिद्ध केला आहे. कोणत्या जिल्ह्यात भिंत व छप्पर कशाचे असलेली किती घरे आहेत आणि भूकंप, वारा, पूर यांत त्यांस धोका किती, हे त्यात कोष्टकांत मांडले आहे. घर घेताना दलालाचे वर्णन ऐकावे आणि हा संग्रहही पाहावा.

पत्र्याच्या घरासाठी एक सूचना येथेच देतो. वारा पत्रा दाबत नाही, तो उचलतो. आणि त्याचा ओढा कडांशी, कोपऱ्यांशी व आढ्याशी सर्वांत अधिक असतो. म्हणून तेथे बोल्ट जवळजवळ बसवावेत. पत्र्यावर दगड ठेवण्याची आपली पद्धत दुहेरी घातक आहे : पत्रा तर जातोच, शिवाय दगड शेजाऱ्याच्या अंगणात पडतो. सखल वस्तीत राहणाऱ्यांनी विजेचा मीटर, मुख्य कळ आणि प्लगच्या जागा शक्य तेवढ्या उंच घ्याव्यात, आणि पाणी अंगणात येताच, उंबऱ्याशी येण्याची वाट न पाहता, मुख्य कळ बंद करावी. गॅसची टाकीही रेग्युलेटर बंद करून बांधून ठेवावी. पुरात ती तरंगते.

आता विमा. दिनांक १ एप्रिल २०२१ पासून भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी लागू केली आहे. कंपनी कोणतीही असो, मूळ कलमे तीच. त्यामुळे सामान्य माणसाची पुष्कळ धांदल वाचली आहे. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, त्सुनामी, दरड कोसळणे, जमीन खचणे, वणवा, दंगल, पाण्याची टाकी फुटणे, इतक्या गोष्टी तीत येतात. चोरीच्या बाबतीत मात्र नीट ध्यान द्यावे. यांपैकी एखादे संकट आल्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच या पॉलिसीत धरतात. आपण लग्नास परगावी गेला असताना कोणी कुलूप फोडले, तर त्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा लागतो. सोन्याचे दागिने स्वतंत्रपणे नोंदवून जादा हप्ता भरल्यावाचून येत नाहीत, आणि रोख रक्कम येत नाही.

विमा किती रकमेचा घ्यावा, येथे बहुतेकांची चूक होते. कोणी घराची बाजारातली किंमत धरतो, कोणी कर्जाची उरलेली रक्कम. दोन्ही चूक. बाजारभावात जमिनीचे मोल असते, आणि जमीन जळत नाही. पाहावयाचे ते इतकेच की घर मुळापासून पुन्हा उभे करावयास आज किती खर्च येईल. समजा, आपल्या सदनिकेचे चटईक्षेत्र ६०० चौरस फूट आहे आणि आपल्या गावी बांधकामाचा दर चौरस फुटास २,००० रुपये आहे. तर विम्याची रक्कम १२ लाख रुपये, मग बाजारात त्या सदनिकेस ५० लाख मिळत असले तरी. इमारतीचा असा विमा घेतला की घरातील सामान तिच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, अधिकात अधिक १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप येते. म्हणजे या उदाहरणात २ लाख ४० हजार. त्याहून अधिकाचे सामान असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्यावी. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची मिळते, आणि विम्याची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांच्या हिशेबाने वाढत जाते. घर राहण्याजोगे उरले नाही तर दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचीही तीत तरतूद आहे. भाडेकरूंनी आपणास हे लागू नाही असे समजू नये. केवळ सामानाचा विमाही घेता येतो.

पूर्वी या विम्यात एक काटा होता. २० लाखांच्या घराचा विमा १० लाखांचाच घेतला असेल, तर घराचा एक भाग जळून ४ लाखांचे नुकसान झाले तरी कंपनी निम्मे, म्हणजे दोनच लाख देई. कारण विमाही निम्माच होता. 'भारत गृह रक्षा'मध्ये हा काटा काढून टाकला आहे. म्हणून कमी रकमेचा विमा घेऊन भागेल असे मात्र नव्हे, कारण सारे घर गेले तर पॉलिसीवरील रकमेपलीकडे काही मिळत नाही.

सदनिकेत राहणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. एकट्या तिसऱ्या मजल्याचे पैसे मिळून इमारत उभी राहत नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग व भूकंप यांविरुद्ध विमा उतरवण्याची तरतूद आहे. पण वार्षिक सभेत रंगाच्या छटेवर तासभर वाद होतो आणि विम्याचा विषय चहा येईपर्यंतही टिकत नाही. पुढच्या सभेत आपण उठून विचारावे.

'सरकार मदत करतेच,' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. करते, आणि करावयासच हवी. परंतु २०२२ मध्ये ठरलेल्या निकषांत मैदानी मुलखातील पूर्ण कोसळलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये धरले होते. तो संकटातला हात आहे, घराची किंमत नव्हे.

प्रस्ताव भरताना काही लपवू नये. भिंत कशाची, छप्पर कशाचे, खाली दुकान आहे का, घर महिनोन्‌महिने बंद राहते का, हे स्पष्ट लिहावे. अर्ज भरणारा प्रतिनिधी 'राहू द्या हो, कोण पाहतो' असे म्हणेल. नुकसानीनंतर पाहणीस सर्व्हेअर येतो, त्याचे कामच पाहण्याचे असते. संकट आल्यास कंपनीस विनाविलंब कळवावे आणि भिजलेले सामान त्याने पाहण्यापूर्वी टाकू नये. दुर्गंधीमुळे टाकावेच लागले तर प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घेऊन मग टाकावे. आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा, चोरी असेल तर पोलिसांचा कागद लागतो. कंपनीने दावा नाकारला किंवा कमी रक्कम दिली, तर प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यास शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत, तशीच इतर मोठ्या शहरांतही.

गुरुजींनी पुढे घर दुरुस्त केले. प्लगच्या जागा खांद्याच्या उंचीवर घेतल्या, गव्हाचा डबा माळ्यावर गेला, आणि इमारतीचा व सामानाचा विमा त्यांनी स्वतः वाचून घेतला. मला फोनवरून प्रत्येक कलम ऐकवले, तेव्हा माझा रविवार त्यात गेला. दर वैशाखात ते मोबाइलवर प्रत्येक खोलीचे चारी बाजूंनी छायाचित्र घेतात, कपाटाची दारे उघडी ठेवून. ती छायाचित्रे आणि पॉलिसीची प्रत नागपूरला दिलेल्या मुलीकडे जाते, कारण नागपूरला कृष्णेचे पाणी पोहोचत नाही, असे त्यांचे म्हणणे. विमाकाकू, म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवती, ज्यांना हे नाव शेजाऱ्यांनी ठेवले आहे, हल्ली गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन विचारतात, "तुमचा तो जिवाचा आहे की घराचा?"