‘ट्रॅक ०१’ म्हणजे कोण? सीडी, नक्कल आणि इतिहासाची साधने

१/१४
आजचा धागा एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर आहे. संगणकावर गाणी ऐकवणाऱ्या म्युझिक प्लेअरमध्ये सीडी ‘रिप’ करण्याची, म्हणजे सीडीवरील गाणी फाईलच्या रूपात उतरवून घेण्याची सोय मुळातच असावी काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. त्याची कारणे मला तंत्रज्ञानापेक्षा इतिहासात अधिक सापडतात.

२/१४
१८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतील दफ्तरे धुंडाळली, कागदांच्या नकला केल्या आणि मालिकेचे २२ खंड झाले. वाळवी आणि ओल यांच्यापुढे मूळ कागद टिकेलच असे नसते. नक्कल झाली, तर मजकूर वाचतो.

३/१४
मात्र पत्राचे मोल केवळ मजकुरावर ठरत नाही. ते कोणी, कोणास, कोठून आणि कोणत्या तिथीस लिहिले, हे ठाऊक असावे लागते. नाव, स्थळ आणि काळ हरवलेले पत्र अभ्यासकाच्या हाती लागले, तरी ते जवळजवळ मुके असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडेच परतायचे आहे.

४/१४
प्रस्तुत लेखक बल्लारपूरचा. गोंड राजांचा वर्धेकाठचा किल्ला आणि कागद कारखाना ही आमच्या गावाची ओळख. परंतु या मुलखाचा गेल्या चाळीस वर्षांतील गाता इतिहास कागदावर फारसा उतरलेला नाही. झाडीपट्टीच्या नाटकांतील गाणी, गोंडी गीते, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आणि भीमगीते यांचा मोठा ठेवा कॅसेट आणि सीडी यांवर आहे.

५/१४
१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतेही वाजत असतात. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे एचएमव्हीसारख्या बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि लहान ध्वनिमुद्रकांना वाट मिळाली. ज्या कवी-गायकांकडे मुंबईच्या स्टुडिओने पाहिले नसते, त्यांचा आवाज त्या वाटेने घरोघर पोहोचला.

६/१४
आमच्या घरी लोखंडी पेटीत वडिलांनी अशाच जत्रा-मेळाव्यांतून आणलेल्या सीडी आहेत. एका सीडीचे वेष्टन कधीच हरवले. ती संगणकात घातली, तेव्हा खणखणीत आवाज उमटला. पडद्यावर मात्र ‘अज्ञात कलाकार, ट्रॅक ०१’ एवढेच होते. गायक कोण, हे वडिलांनी क्षणात सांगितले. कवी कोण, हे त्यांनाही आठवेना.

७/१४
असे का व्हावे? १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हा ती केवळ ध्वनीची तबकडी होती. तिच्यावर दर सेकंदाला ४४,१०० नमुने या गतीने ध्वनी साठवलेला असतो आणि कोणते गाणे कोठे सुरू होते याची वेळपत्रिका असते. गाण्याचे नाव नसते. नावे लिहिण्याची ‘सीडी टेक्स्ट’ ही सोय पुढे आली, परंतु ती ऐच्छिक होती. वेष्टनावरचा कागद गेला की ओळखही गेली.

८/१४
मग इतर सीडींची नावे पडद्यावर आपोआप कशी दिसतात? १९९०च्या दशकात ‘सीडीडीबी’ ही सूची उभी राहिली. गाण्यांच्या लांबीवरून ती सीडी ओळखत असे. नावे लिहिली जगभरच्या श्रोत्यांनी; पुढे सूची मात्र व्यापारी कंपनीच्या ताब्यात गेली. पर्याय म्हणून निघालेली ‘फ्रीडीबी’ २०२० साली बंद पडली. ‘म्युझिकब्रेन्झ’ ही खुली सूची आजही चालू आहे. परंतु ज्याची नोंद कोणी केलीच नाही, ते कोणत्या सूचीत सापडणार?

९/१४
आता प्लेअरचा इतिहास पाहू. जानेवारी २००१ मध्ये ॲपलने आयट्यून्स आणले आणि ‘रिप, मिक्स, बर्न’ अशी त्याची जाहिरात केली. विंडोज मीडिया प्लेअरमध्येही ही सोय होती. विनॲम्पने ती पाचव्या आवृत्तीत दिली, पण फुकट आवृत्तीत तिचा वेग मर्यादित ठेवला. पुढे स्ट्रीमिंगचे युग अवतरले, लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह नाहीसा झाला आणि अनेकांना ही सोय अडगळ वाटू लागली.

१०/१४
पहिला आक्षेप असा: एका साधनाने एकच काम करावे. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखी स्वतंत्र साधने सीडीचा एकेक भाग पुन्हा पुन्हा वाचून काटेकोर नक्कल करतात, मग प्लेअरवर ओझे का लादावे? ओरखडे पडलेल्या सीडीसाठी तेच साधन योग्य, हे मला मान्य आहे. पण त्याची मांडणी जाणकारांसाठी आहे. गायकाचे नाव ज्यांच्या स्मरणात आहे, ती माणसे ते साधन शोधून, बसवून वापरणार नाहीत. गाणे ऐकता ऐकता त्यांना नाव आठवते आणि त्या क्षणी त्यांच्यासमोर प्लेअरच असतो. नक्कल व नोंद यांची गाठ तेथेच पडली पाहिजे.

११/१४
दुसरा आक्षेप कायद्याचा. २०१२च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वा वैयक्तिक उपयोग आणि संशोधन यांसाठी ध्वनिमुद्रणाच्याही उचित वापरास मुभा देते. विकत घेतलेल्या सीडीची स्वतःसाठी प्रत काढणे आणि ती जगाला वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचे समर्थन मी करीत नाही. लहान कलावंताची भाकर तिच्यात अडकलेली असते.

१२/१४
तिसरा आक्षेप: सीडी आता वापरतो कोण? हाच मला घाईचा पुरावा वाटतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. २००० साली निघालेल्या सीडीवरील हा हक्क २०६० अखेर संपेल. संगणकावर ‘बर्न’ केलेल्या सीडीतील रंगद्रव्य उष्णता व प्रकाश यांनी बिघडते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या छपराखालची ती सीडी २०६० पाहील, असे कोणी छातीठोकपणे सांगावे? ‘सगळे यूट्यूबवर आहेच’ असेही म्हणतात. तेथे पुष्कळ आहे, हे खरे. पण तेथे काय चढवायचे आणि कवीचे नाव द्यायचे की नाही, हे चढवणाराच ठरवतो.

१३/१४
म्हणून प्लेअर घडवणाऱ्यांकडे मागणे चार गोष्टींचे. रिप करण्याची सोय पहिल्या पडद्यावर असावी. नक्कल मूळ ध्वनीत घट न करणाऱ्या फ्लॅकसारख्या रूपात व्हावी. वाचन कोठे चुकले, हे प्लेअरने प्रामाणिकपणे सांगावे. आणि सूचीत नाव न मिळाल्यास ‘अज्ञात’ लिहून मोकळे न होता गायक, कवी, गाव, वर्ष विचारावे व वेष्टनाचे छायाचित्र त्याच फाईलशी जोडून ठेवावे. सीडी नसणाऱ्यांना ही सोय दिसलीच नाही, तरी हरकत नाही; ड्राइव्ह जोडला की ती पुढे यावी.

१४/१४
तोवर काम आपल्याकडे आहे. येत्या दिवाळीच्या साफसफाईत सीडी भंगारात टाकण्यापूर्वी बाहेरचा ड्राइव्ह मित्राकडून मागून आणा आणि घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. गाणे लावा, नाव विचारा, लिहून ठेवा. राजवाड्यांना दफ्तरांसाठी गावोगाव जावे लागले. आपले दफ्तर घरातच आहे, आणि ते वाचून दाखवणारी माणसेही अजून आहेत. आमच्या पेटीतल्या त्या गाण्याचा कवी मी अद्याप शोधतो आहे. फाईलमध्ये त्याची जागा मी रिकामी ठेवली आहे. ‘अज्ञात’ हा शब्द तेवढा पुसून टाकला.